जुने हँडहेल्ड आरपीजी : आजही खेळावेत असे ८ गेम कोणते? आणि ते मिळवणं इतकं अवघड का झालंय?

एप्रिल २०२५ मध्ये 'क्लेअर ऑब्स्क्युअर: एक्सपेडिशन ३३' हा फ्रेंच गेम आला आणि पाळीपाळीने लढण्याची जुनी पद्धत पुन्हा चर्चेत आली. आधी तुमची चाल, मग शत्रूची चाल. मध्ये विचार करायला हवा तेवढा वेळ. त्याआधी 'बाल्डर्स गेट ३' आणि 'पर्सोना' मालिकेनेही नव्या पिढीला याच प्रकाराची गोडी लावली होती.

हे गेम संपवल्यावर पुढे काय खेळायचं, असा प्रश्न अनेकांना पडतो. त्याचं एक चांगलं उत्तर मागच्या ३५ वर्षांत दडलेलं आहे, तेही टीव्हीला जोडायच्या कन्सोलवर नाही, तर खिशात मावणाऱ्या छोट्या यंत्रांवर. गेम बॉय, निन्टेंडो डीएस आणि पीएसपी या यंत्रांसाठी असे काही आरपीजी तयार झाले, जे आजही तितकेच चांगले खेळता येतात.

अडचण एकच आहे. त्यातले बरेचसे गेम आज कोणत्याही दुकानात अधिकृतपणे विकत मिळत नाहीत. त्यामुळे 'काय खेळावं' याच्याइतकाच 'ते मिळेल का' हा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो. दोन्ही समजून घेऊया.

हँडहेल्ड आरपीजी म्हणजे नेमकं काय?

आरपीजी म्हणजे रोल प्लेइंग गेम. यात खेळणारा एखाद्या पात्राची किंवा पात्रांच्या टोळीची भूमिका घेतो. गावोगाव फिरायचं, लोकांशी बोलायचं, लढाया करायच्या आणि प्रत्येक लढाईनंतर आपली पात्रं थोडी थोडी ताकदवान करत न्यायची, असा साधारण साचा असतो. बोटांच्या चपळाईपेक्षा इथे नियोजनाला आणि गोष्टीला महत्त्व असतं.

हँडहेल्ड म्हणजे स्क्रीन, बटणं आणि बॅटरी एकाच डब्यात असलेलं, हातात धरून खेळायचं यंत्र. नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरोघरी असलेला 'ब्रिक गेम' हाही हँडहेल्डच. फरक असा, की ब्रिक गेममध्ये ठरावीक खेळ आधीच भरलेले असायचे. गेम बॉयमध्ये मात्र कार्ट्रिज, म्हणजे आपल्याकडे जिला सर्रास 'कॅसेट' म्हटलं जायचं ती, बदलून नवा गेम लावता यायचा.

छोट्या यंत्रावर हा प्रकार इतका का रुजला?

निन्टेंडोने गेम बॉय १९८९ मध्ये बाजारात आणला. त्यामागचे अभियंते गुनपेई योकोई यांचा आग्रह होता, की महागड्या नव्या तंत्रापेक्षा स्वस्त, पारखलेलं जुनं तंत्र कल्पकतेने वापरायचं. त्यामुळे यंत्राला रंगीत स्क्रीन नव्हती. १६० बाय १४४ पिक्सेलची स्क्रीन आणि हिरवट करड्या रंगाच्या चार छटा, एवढंच. पण चार पेन्सिल सेलवर ते तासन्‌तास चालायचं आणि किंमतही आवाक्यात राहिली. गेम बॉय आणि त्याचा पुढचा अवतार गेम बॉय कलर मिळून जगभरात ११ कोटी ८० लाखांहून अधिक यंत्रं विकली गेली.

या मर्यादाच आरपीजीच्या पथ्यावर पडल्या. त्याची तीन कारणं आहेत.

पहिलं कारण स्क्रीन. गेम बॉयवर वेगाने हलणारी चित्रं धूसर व्हायची. धावपळीच्या गेममध्ये त्याचा त्रास व्हायचा. आरपीजीत मात्र लढाईच्या वेळी चित्र जवळपास स्थिर असतं आणि खाली मजकूर व आकडे असतात. त्यामुळे काही बिघडत नाही.

दुसरं कारण जागा. मजकूर आणि आकडे साठवायला फार कमी मेमरी लागते. इंग्रजीतला 'पोकेमॉन रेड' हा अख्खा गेम एक एमबीचा आहे. आजच्या फोनवर काढलेला एक फोटोही बऱ्याचदा त्याहून मोठा असतो.

तिसरं कारण वेळ. ट्रेनमध्ये, शाळेच्या मधल्या सुट्टीत किंवा झोपण्याआधी दहा मिनिटं खेळायचं, सेव्ह करायचं आणि ठेवून द्यायचं. पाळीपाळीच्या लढाईत मध्येच कुणी हाक मारली तरी नुकसान होत नाही, कारण शत्रू तुमच्या चालीची वाट पाहत थांबलेला असतो.

मग कोणते गेम खेळावेत?

पुढची यादी क्रमवारी नाही. प्रत्येक गेम निवडण्यामागे एक कारण आहे : त्याने काहीतरी असं केलं, जे त्या यंत्रावरच सुचू शकलं असतं किंवा जे नंतर फारसं कुणी केलं नाही.

१. द फायनल फँटसी लेजंड (गेम बॉय, १९८९)

गेम बॉयवरचा हा पहिला आरपीजी. जपानमध्ये तो 'सागा' मालिकेचा पहिला भाग म्हणून आला. परदेशात विक्री वाढावी म्हणून त्याला 'फायनल फँटसी'चं नाव चिकटवण्यात आलं. अकितोशी कावाझू यांनी तो सहा ते आठ तासांत संपेल असा बेतला होता. आजच्या साठ-सत्तर तासांच्या गेमपुढे हा मोठाच दिलासा वाटतो.

जगाच्या मधोमध एक बुरूज आहे आणि त्याच्या टोकावर स्वर्ग आहे, असं म्हणतात. तुमची टोळी एकेक मजला चढत जाते. टोळीत माणसं, म्युटंट आणि राक्षस घेता येतात आणि तिघांची वाढ तीन वेगळ्या नियमांनी होते. माणसं बाजारातून औषधं घेऊन ताकद वाढवतात. म्युटंटमध्ये आपोआप बदल होतात. राक्षस हरवलेल्या शत्रूचं मांस खाऊन दुसराच राक्षस बनतात. शस्त्रंही वापरून झिजतात आणि संपतात. नियम विक्षिप्त आहेत, पण त्यामुळेच तो आजही वेगळा वाटतो.

२. पोकेमॉन गोल्ड आणि सिल्व्हर (गेम बॉय कलर, १९९९)

सातोशी ताजिरी यांना लहानपणी किडे गोळा करायचा छंद होता. त्यातून १९९६ मध्ये जपानमध्ये पहिला पोकेमॉन आला. दोन गेम बॉय वायरने जोडून प्राण्यांची अदलाबदल करायची, ही त्याची मूळ कल्पना. एकाच आवृत्तीत सगळे पोकेमॉन मिळत नाहीत, त्यामुळे मित्र लागतोच.

मग पहिला भाग सोडून दुसरा का? कारण दुसऱ्या भागात कार्ट्रिजमध्येच खरं घड्याळ बसवलं होतं. तुमच्या खोलीत रात्र झाली की गेममध्येही रात्र होते आणि काही पोकेमॉन फक्त तेव्हाच दिसतात. पोकेमॉनची संख्या २५१ वर गेली. शिवाय गोष्ट संपली असं वाटत असतानाच पहिल्या भागाचा जवळपास अख्खा प्रदेश पुन्हा फिरायला मिळतो. निन्टेंडो डीएसवर 'हार्टगोल्ड' आणि 'सोलसिल्व्हर' या नावांनी त्याची सुधारित आवृत्तीही आली.

महाराष्ट्रातल्या अनेकांना पोकेमॉन आधी भेटला तो गेममधून नव्हे, तर कार्टून नेटवर्कवरच्या हिंदी मालिकेतून. त्यांनी मूळ गेम खेळला नसेल, तर सुरुवात इथूनच करावी.

३. गोल्डन सन (गेम बॉय अ‍ॅडव्हान्स, २००१)

कॅमेलॉट या जपानी कंपनीचा हा गेम दिसायला आजही देखणा आहे. यातली जादू फक्त लढाईपुरती नाही. वाटेतला खांब सरकवायचा, वेल वाढवून कड्यावर चढायचं, समोरच्याच्या मनातलं वाचायचं, हे सगळं त्याच शक्तींनी होतं. त्यामुळे प्रत्येक गुहा हे एक कोडं असतं.

मूळ योजना एकाच गेमची होती. पण गोष्ट एका कार्ट्रिजमध्ये मावेना, म्हणून २००२ मध्ये 'द लॉस्ट एज' हा दुसरा भाग आला. पहिल्या भागातली सगळी कमाई दुसऱ्यात न्यायची तर दोन यंत्रं वायरने जोडायची, नाहीतर पासवर्ड टाकायचा. पूर्ण माहिती नेणारा पासवर्ड तब्बल २६० अक्षरांचा होता. वहीत उतरवताना एक अक्षर चुकलं, की पुन्हा तपासणी सुरू.

४. फायर एम्ब्लेम (गेम बॉय अ‍ॅडव्हान्स, २००३)

ही मालिका जपानमध्ये १९९० पासून सुरू होती, पण बाहेर विकला गेलेला हा पहिला भाग. लढाई बुद्धिबळासारखी चौकोनांच्या पटावर होते. तलवार कुऱ्हाडीला भारी, कुऱ्हाड भाल्याला आणि भाला तलवारीला, हा मूळ हिशेब.

खरी गंमत, आणि खरा ताण, एका नियमात आहे. लढाईत मेलेलं पात्र परत येत नाही. प्रत्येक सैनिकाला नाव आहे, चेहरा आहे, मैत्री आहे. घाईत केलेल्या एका चालीने तो पुढच्या सगळ्या गोष्टीतून नाहीसा होतो. परदेशी खेळाडूंना ही पद्धत नवी असल्याने सुरुवातीची दहा प्रकरणं नियम शिकवण्यासाठीच आहेत. त्यामुळे अशा प्रकारचा गेम कधीच न खेळलेल्यांनाही तो जमतो.

५. मदर ३ (गेम बॉय अ‍ॅडव्हान्स, २००६)

जपानी लेखक शिगेसातो इतोई यांचा हा गेम आधी निन्टेंडो ६४ साठी तयार होत होता. २००० मध्ये तो रद्द झाला आणि सहा वर्षांनी छोट्या यंत्रावर नव्याने आला. एका शांत गावातल्या कुटुंबावर कोसळलेलं दुःख आणि ज्या गावात पैसा ही गोष्टच नव्हती तिथे पैसा आल्यावर काय होतं, याची ही कहाणी आहे. विनोद आणि शोक इतक्या जवळजवळ ठेवणारे गेम कमी आहेत. लढाईत पार्श्वसंगीताच्या ठेक्यावर बटण दाबलं, तर एकामागोमाग १६ वार करता येतात.

पण तो अधिकृतपणे फक्त जपानी भाषेत आला. २००८ मध्ये चाहत्यांच्या एका गटाने संपूर्ण गेमचा इंग्रजी अनुवाद करून तो मोफत उपलब्ध केला. जगभरातल्या बहुतेकांनी 'मदर ३' ओळखला तो त्या अनुवादामुळे.

६. एट्रियन ओडिसी (निन्टेंडो डीएस, २००७)

डीएसला दोन स्क्रीन होत्या आणि खालची स्क्रीन स्पर्शाने चालायची. अ‍ॅटलस कंपनीने त्याचा साधा पण भन्नाट उपयोग केला. वरच्या स्क्रीनवर भूलभुलैया आणि खालच्या स्क्रीनवर कोरा आलेखाचा कागद. नकाशा गेम देत नाही, तुम्ही स्टायलसने स्वतः काढायचा. भिंती आखायच्या, दारं दाखवायची, धोक्याच्या जागी खूण करायची. गेम कठीण आहे, पण स्वतः काढलेल्या नकाशावर परतीची वाट सापडते तेव्हा मिळणारं समाधान वेगळंच असतं.

७. द वर्ल्ड एंड्स विथ यू (निन्टेंडो डीएस, २००७)

राजवाडे, ड्रॅगन, तलवारी यांचा कंटाळा आला असेल तर हा गेम. गोष्ट टोकियोतल्या शिबुया या गजबजलेल्या भागात घडते. हेडफोन लावून जगापासून तुटलेला नेकू हा मुलगा सात दिवसांच्या एका जीवघेण्या खेळात अडकतो. लढाई एकाच वेळी दोन्ही स्क्रीनवर चालते. खाली नेकूला स्टायलसने आणि वर त्याच्या जोडीदाराला बटणांनी सांभाळायचं. सुरुवातीला डोकं गरगरतं. दोघांचा ताल जुळला, की गोष्टीतला मुद्दाही उमगतो : एकट्याने निभावत नाही.

२०१८ मध्ये तो निन्टेंडो स्विचवर आला, पण तिथे सगळं एका स्क्रीनवर बसवावं लागलं. म्हणजे गोष्ट तीच, अनुभव मात्र वेगळा.

८. पर्सोना ३ पोर्टेबल (पीएसपी, २००९)

'पर्सोना ५' आवडलेल्यांसाठी. दिवसा कॉलेजवयीन मुलांसारखं जगायचं, मित्र जोडायचे, परीक्षा द्यायच्या आणि मध्यरात्री एका अक्राळविक्राळ मनोऱ्यात लढायचं. पीएसपीच्या आवृत्तीत पहिल्यांदाच मुलगी नायिका म्हणून निवडता आली. तिच्या वाट्याला वेगळे संवाद आणि वेगळी नाती आली. २०२४ मध्ये आलेल्या 'पर्सोना ३ रीलोड' या नव्या आवृत्तीत ती नाही. त्यामुळे तिची गोष्ट खेळायची तर याच आवृत्तीकडे वळावं लागतं.

हे गेम आज मिळतात का?

काही मिळतात. 'पर्सोना ३ पोर्टेबल' आणि 'एट्रियन ओडिसी'च्या सुधारित आवृत्त्या २०२३ मध्ये स्विच आणि संगणकावर आल्या. 'सागा'चे गेम बॉयवरचे तिन्ही भाग एकत्र करून स्विच, संगणक आणि फोनवर विकले जातात. 'फायर एम्ब्लेम' आणि 'गोल्डन सन'चे दोन्ही भाग निन्टेंडोच्या ऑनलाइन वर्गणीत समाविष्ट झाले. 'मदर ३'ही त्या सेवेत २०२४ मध्ये आला, पण जपानमधल्या ग्राहकांसाठी आणि जपानी भाषेतच.

वर्गणीत एक गोम आहे. गेम तुमच्या मालकीचा होत नाही. पैसे भरणं थांबलं, की खेळणं थांबतं.

विकत घेतलेला डिजिटल गेम तरी कायमचा असतो का, हाही प्रश्न आहे. सोनीने २०२१ मध्ये पीएसपीचं ऑनलाइन दुकान बंद केलं. निन्टेंडोने २७ मार्च २०२३ रोजी ३डीएस आणि वी यू या यंत्रांची दुकानं बंद केली. 'पोकेमॉन गोल्ड'सारखे जुने गेम त्या दुकानात अधिकृतपणे मिळत होते. आधी घेतलेले गेम चालत राहिले, नवी खरेदी मात्र थांबली.

अमेरिकेतल्या 'व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन' या संस्थेने जुलै २०२३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेत २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या गेमपैकी ८७ टक्के गेम आज अधिकृतपणे बाजारात उपलब्ध नाहीत, असं त्यात आढळलं. गेम बॉयची स्थिती त्याहून वाईट. त्यासाठीचे सहा टक्क्यांहून कमी गेम आज विकत मिळतात.

जुनी पुस्तकं निदान ग्रंथालयात मिळतात. गेमसाठी तशी सोय व्हावी, संशोधकांना संग्रहातले जुने गेम घरबसल्या पाहता यावेत, म्हणून अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाकडे सवलत मागण्यात आली होती. गेम कंपन्यांच्या संघटनेने विरोध केला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ती मागणी फेटाळली गेली.

जुनी कार्ट्रिज घेतली तर?

तोही एक मार्ग आहे, पण काही गोष्टी माहीत हव्यात.

गेम बॉयच्या अनेक कार्ट्रिजमध्ये तुमचा सेव्ह केलेला खेळ जपण्यासाठी घड्याळात असतो तसा चपटा सेल असतो. सेल संपला, की सेव्ह जातो. 'पोकेमॉन गोल्ड'मध्ये हाच सेल घड्याळही चालवतो, म्हणून तो लवकर संपतो. तो बदलता येतो, पण त्यासाठी सोल्डरिंग येणाऱ्या माणसाकडे जावं लागतं. सेल काढताना आधीचा सेव्ह पुसला जातो, हेही लक्षात ठेवावं.

दुसरा धोका डुप्लिकेट कार्ट्रिजचा. पोकेमॉनच्या नकली कार्ट्रिज बाजारात भरपूर आहेत. त्या सुरू होतात, पण कित्येकदा ऐन वेळी सेव्हच होत नाहीत. सेकंड हँड कार्ट्रिज घेताना लेबलची छपाई, आतला सर्किट बोर्ड यांचे फोटो मागवावेत आणि शक्य असेल तर एकदा सेव्ह करून, बंद करून, पुन्हा सुरू करून पाहावं.

आणि इम्युलेटर? म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारं सॉफ्टवेअर. २०२४ पासून ॲपलनेही आयफोनवर अशा ॲपना परवानगी दिली आहे. सॉफ्टवेअर आणि गेमची फाइल या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कंपनीच्या परवानगीशिवाय इंटरनेटवरून गेमची फाइल उतरवणं हा कॉपीराइटचा भंग ठरतो, मग तो गेम कुठेच विकत मिळत नसला तरी. जतन करणाऱ्यांचं आणि कंपन्यांचं भांडण नेमकं याच मुद्द्यावर आहे.

परत आणता येणार नाही, असंही काही आहे का?

आहे. 'ड्रॅगन क्वेस्ट ९' हे त्याचं उत्तम उदाहरण. २००९ मध्ये डीएसवर आलेल्या या गेममध्ये यंत्र चालू ठेवून खिशात टाकलं, की रस्त्यात भेटणाऱ्या अनोळखी खेळाडूंशी आपोआप खजिन्याच्या नकाशांची देवाणघेवाण व्हायची. टोकियोच्या अकिहाबारा भागात लोक त्यासाठी दुकानांबाहेर घोळक्याने उभे राहायचे. एका खेळाडूला सापडलेला, भरपूर गुण मिळवून देणारा नकाशा असाच खिशाखिशांतून जपानभर पसरला.

डीएसची इंटरनेट सेवा २०१४ मध्ये बंद झाली. कार्ट्रिज आजही चालते, गोष्टही पूर्ण खेळता येते. पण त्यासाठी यंत्र खिशात घेऊन फिरणारी गर्दी आता नाही.

सुरुवात कुठून करावी?

वेळ कमी असेल तर 'द फायनल फँटसी लेजंड'. बुद्धिबळाची आवड असेल तर 'फायर एम्ब्लेम'. कोडी सोडवायला आवडत असतील तर 'गोल्डन सन'. गोष्टीसाठी खेळत असाल तर 'पर्सोना ३ पोर्टेबल'. आणि चुलत-मामे भावंडांपैकी कुणाकडे जुनं डीएस धूळ खात पडलं असेल, तर 'द वर्ल्ड एंड्स विथ यू'ची मूळ कार्ट्रिज शोधा. तो गेम त्या दोन स्क्रीनसाठीच बनला होता.

यातल्या एकाही गेममध्ये मराठी किंवा हिंदी नाही. वाचन भरपूर आहे, पण इंग्रजी सोपं आहे आणि वाचायला घाई नाही.

जे गेम आज अधिकृतपणे मिळतायत, ते पुढे ढकलू नका. जुन्या गेमच्या बाबतीत 'नंतर घेऊ' म्हणेपर्यंत दुकान बंद झाल्याची उदाहरणं गेल्या पाच-सहा वर्षांतच दोनदा पाहायला मिळाली आहेत.